सेंट पॉलच्या आवारातला पुस्तकवाला

प्रश्न असा आला आहे: पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, म्हणजे १५५८ ते १६०३ या वर्षांत, लंडनमधला पुस्तक विक्रेता नेमकं काय करायचा, त्याचं पोट कशावर भरायचं, आणि शेक्सपिअरची नाटकं छापून त्यानं बक्कळ पैसा केला का? मी सदतीस वर्षं पुण्यात जुन्या-नव्या पुस्तकांचा धंदा करतो आहे. त्यातली बरीच वर्षं बांधणीचं कामही स्वतःच्या हातानं केलं. त्या काळातल्या लंडनच्या पुस्तकबाजाराबद्दल मिळेल ते वाचायचं, हा माझा जुना नाद. म्हणून जरा ऐसपैस लिहितो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही. का नाही, ते कळायला मात्र तो धंदा आतून बघावा लागतो.

आपल्याकडे प्रकाशक वेगळा, मुद्रक वेगळा, बाइंडर वेगळा, वितरक वेगळा. पुस्तक विक्रेता म्हणजे तयार माल मांडून बसलेला दुकानदार. त्या लंडनमध्ये ‘प्रकाशक’ नावाचा निराळा धंदाच नव्हता. हस्तलिखित विकत घ्यायचं, कागदाचे पैसे मोजायचे, मुद्रकाकडून मजुरीवर छापून घ्यायचं, छापलेले ताव माळ्यावर रचायचे आणि मग घाऊक-किरकोळ विकायला लागायचं, हे सगळं एकच माणूस करायचा आणि स्वतःला बुकसेलर नाहीतर स्टेशनर म्हणवायचा. त्या काळच्या एखाद्या पुस्तकाच्या शीर्षकपानाचा तळ बघा. तिथे साधारण असं छापलेलं असतं: अमक्यानं तमक्यासाठी छापलं, तमक्याच्या दुकानी, अमुक पाटीपाशी मिळेल. यातला अमका म्हणजे मुद्रक. त्याला छपाईचे पैसे मिळाले की तो मोकळा. तमक्याचे पैसे मात्र त्या तावांत अडकलेले असत. पुस्तक खपलं नाही तर रात्री झोप त्याला लागायची नाही.

तळाशी दिलेला तो पत्ता वाचकासाठी असे, असा पुष्कळांचा समज आहे. वाचक तर कुठल्याही दुकानातून पुस्तक घेऊ शकत होता. पत्ता मुख्यतः दुसऱ्या विक्रेत्यांसाठी होता: याच्या पंचवीस प्रती हव्या असतील तर घाऊक भावानं इथे या. आपल्याकडे पुस्तकाच्या आत ‘मुख्य वितरक’ म्हणून छापतात, तसंच ते. एवढं लक्षात घेतलं की तो सगळा व्यापार नीट दिसायला लागतो. हे विक्रेते एकमेकांचे स्पर्धक होते आणि एकमेकांची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकंही होते. ज्याच्या दुकानात फक्त स्वतः छापलेली पुस्तकं, त्याचं दुकान कधी भरलेलं दिसायचं नाही.

ही दुकानं एकवटली होती सेंट पॉल कॅथेड्रलच्या आवारात. तेव्हाचं कॅथेड्रल म्हणजे आजचं घुमटाचं नव्हे, त्याआधीचं. त्याच्या उंच मनोऱ्यावर ४ जून १५६१ रोजी वीज पडली, मनोरा जळाला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही. आवाराच्या ईशान्येला पॉल्स क्रॉस नावाचं उघड्यावरचं व्यासपीठ होतं. तिथे प्रवचन असलं की आवार माणसांनी फुलायचं. कॅथेड्रलच्या आत, मधल्या लांबलचक दालनात, वकील, नोकरी शोधणारे, बातम्या विकणारे, खिसेकापू यांची दिवसभर ये-जा असायची. वाचता येणारी आणि खिशात चार पेन्स असलेली माणसं लंडनमध्ये सगळ्यात जास्त कुठे सापडतील, तर इथेच. म्हणून काही दुकानं अगदी कॅथेड्रलच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

घरांना तेव्हा नंबर नव्हते. ओळख पाटीवरच्या चित्रानं पटायची. विल्यम पॉन्सन्बीचं दुकान ‘बिशपचं डोकं’ या पाटीचं, अँड्र्यू वाइजचं ‘देवदूता’चं, जॉन हॅरिसनचं ‘पांढऱ्या शिकारी कुत्र्या’चं. दर्शनी फळी खाली पाडली की तिचाच ओटा व्हायचा, त्यावर पुस्तकं मांडायची, आणि उमेदवारी करणारा पोऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘काय पाहिजे, काय पाहिजे?’ म्हणून हाळी द्यायचा. नव्या पुस्तकाचं शीर्षकपान सुटं छापून खांबांवर आणि भिंतींवर डकवत. त्या काळची शीर्षकपानं एवढी बडबडी का असतात, याचं एक कारण हे. लेखकाचं नाव कधी बारीक, कधी नाहीच, पण पुस्तकात काय-काय आहे याची लांबलचक जंत्री मात्र असायचीच. पान भिंतीवर लागल्यावर माल विकायचं काम त्या पानालाच करायचं होतं.

जागेचं महत्त्व किती, ते जॉन डेच्या गोष्टीतून कळतं. डे हा त्या काळातला सगळ्यात कर्तबगार मुद्रक. जॉन फॉक्सचा ख्रिस्ती हुतात्म्यांचा प्रचंड ग्रंथ १५६३ मध्ये त्यानंच काढला. पण त्याचा मुक्काम आल्डर्सगेट वेशीपाशी, बाजाराच्या एका टोकाला. १५७२ मध्ये आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी राणीचे मंत्री लॉर्ड बर्ली यांना पत्र लिहिलं: डेचा दोन-तीन हजार पौंडांचा माल पडून आहे, त्याला सेंट पॉलच्या आवारात एक छोटं, बुटकं, सपाट छपराचं दुकान बांधायचं आहे, आणि धंद्यातले भाऊबंद मत्सरानं आडवे येताहेत. आता हिशेब करा. लंडनमधल्या कसबी कारागिराची रोजची मजुरी साधारण एक शिलिंग (बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड). वर्षात तीनशे दिवस काम मिळालं तर पंधरा पौंड. म्हणजे डेच्या माळ्यावर एका कारागिराच्या सव्वाशे वर्षांहून जास्त मजुरीएवढा छापील कागद पडून होता, आणि तो हलवायला त्याला गर्दीतलं एक खोपटं हवं होतं. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो होतो. शालेय अभ्यासक्रम एका वर्षी अचानक बदलला आणि माझ्या गोदामातले गठ्ठे जागच्या जागी रद्दी झाले, तेव्हा मला कळलं होतं की ‘माल पडून आहे’ या तीन शब्दांचं वजन किती असतं.

या धंद्यात शिरायचा रस्ता ठरलेला होता. स्टेशनर्स कंपनी ही या मंडळींची संघटना. तिला मेरी राणीच्या कारकिर्दीत १५५७ मध्ये सनद मिळाली आणि एलिझाबेथनं १५५९ मध्ये ती कायम केली. मुलानं निदान सात वर्षं उमेदवारी करायची, मालकाच्या घरी राहायचं, जेवायचं, आणि वयाची चोवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय मोकळं व्हायचं नाही. स्ट्रॅटफर्डहून आलेला रिचर्ड फील्ड १५७९ मध्ये असाच चिकटला, १५८७ मध्ये मोकळा झाला, आणि ज्या फ्रेंच मुद्रकाच्या छापखान्यात शिकला त्या व्होट्रोलिएच्या बायकोशी, ती विधवा झाल्यावर, लग्न करून छापखान्याचा मालक झाला. त्याच्याच गावच्या शेक्सपिअरचं ‘व्हीनस अँड अडोनिस’ हे काव्य १५९३ मध्ये त्यानं छापलं. ते विकलं जायचं हॅरिसनच्या पांढऱ्या कुत्र्याच्या पाटीपाशी. पुढच्या वर्षी फील्डनं त्याचे हक्कच हॅरिसनला देऊन टाकले आणि आपण छपाईला लागला. मुद्रकाला रोख पैसा आणि सतत चालणारं यंत्र हवं असतं, विक्रेत्याला हक्क हवा असतो. दोघांच्या स्वभावातला हा फरक आजही तसाच आहे.

आता एका नाटकाच्या पुस्तकाचा हिशेब मांडू, कारण प्रश्नाचा गाभा तोच आहे. नाटकं बहुतेक चौपत्री आकारात निघत. कागदाचा एक ताव घ्यायचा, दोन घड्या घालायच्या, चार पानं म्हणजे आठ पृष्ठं झाली. हा एक फर्मा. ऐंशी पृष्ठांचं नाटक म्हणजे दहा फर्मे. आठशे प्रती काढायच्या तर आठ हजार ताव लागणार. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचं रीम या हिशेबानं सतराएक रीम कागद झाला. हा कागद बहुतांश फ्रान्समधून यायचा, कारण चांगला पांढरा कागद इंग्लंडमध्ये जवळपास होतच नव्हता. जॉन स्पिलमन या जर्मन माणसानं डार्टफर्डला गिरणी घातली ती थेट १५८८ च्या सुमारास. म्हणजे कागदाचे पैसे आधी मोजायचे, आणि एका पुस्तकाच्या खर्चातला मोठा वाटा हाच असायचा. यंत्रावर दोन माणसं: एक शाई लावणार, दुसरा दांडा ओढणार. ती तासाला तावाच्या एका बाजूचे अडीचशे छाप काढत. आठ हजार ताव दोन्ही बाजूंनी म्हणजे सोळा हजार छाप, चौसष्ट तास, आठवडाभराचं काम. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला जुळाऱ्याला लागायचा तो वेळ वेगळा.

विक्रीची किंमत तावावर ठरायची. १५९८ मध्ये कंपनीनं नियमच केला की नेहमीच्या टायपात छापलेल्या पुस्तकाला दोन तावांना एक पेनीपेक्षा जास्त लावायचं नाही. म्हणजे दहा तावांचं नाटक पाच पेन्सना. घाऊक भाव चार पेन्स धरला तर आठशे प्रतींचे सगळे मिळून तेरा पौंड आणि काही शिलिंग. त्यातून कागद, छपाई, हस्तलिखित, नोंदणी, मंजुरी वजा करा. उरतं ते सहा-सात पौंडांच्या वर क्वचितच जाईल, आणि तेही आठशेच्या आठशे प्रती खपल्या तर, ज्याला वर्षं लागायची. म्हणून मी सुरुवातीलाच ‘नाही’ म्हटलं. नाटकाचं पुस्तक हा या दुकानातला किरकोळ माल होता.

शिवाय कोणतं नाटक चालेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. देवदूताच्या पाटीवाला अँड्र्यू वाइज यानं शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’चा पहिला भाग १५९८ मध्ये काढला. त्याच वर्षात त्याची दुसरी आवृत्ती निघाली, १५९९ मध्ये आणखी एक, आणि वाइजनंतर हक्क मॅथ्यू लॉकडे गेल्यावरही १६२२ पर्यंत ते छापलं जात राहिलं. साहजिकच १६०० मध्ये वाइजनं, विल्यम अ‍ॅस्पलीला भागीदार घेऊन, दुसरा भाग काढला. लेखक तोच, लोकांचा लाडका जाडजूड फॉल्स्टाफ तोच, दुकानही तेच. या दुसऱ्या भागाची सुटी आवृत्ती पुन्हा कधीच निघाली नाही. वाइज चुकला कुठे? माझ्या मते कुठेच नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दुसऱ्या भागात पैसे घातले असते.

मग दुकान चालायचं कशावर? मुळाक्षरांची पुस्तिका, प्रश्नोत्तरांतला धर्मबोध, चालीवर म्हणायची स्तोत्रं, पंचांगं, लॅटिन व्याकरण, प्रवचनं, एकपानी पोवाडे. जे वापरून फाटतं आणि दरसाल नवं घ्यावं लागतं, ते. पंचांग तर एक जानेवारीनंतर कुणी हातात धरायचं नाही, पण नव्याला गिऱ्हाईक हमखास. आणि नेमका हाच माल राणीनं सनदा देऊन मूठभर लोकांच्या हाती ठेवला होता. मुळाक्षरं आणि स्तोत्रं जॉन डेकडे, कायद्याची पुस्तकं रिचर्ड टॉटलकडे, पंचांगं रिचर्ड वॉटकिन्स आणि जेम्स रॉबर्ट्स यांच्याकडे, बायबल ख्रिस्तोफर बार्करकडे. बाकीच्यांनी काय करायचं? काहींनी चोरून छापलं. रॉजर वॉर्डनं डेच्या मुळाक्षरांच्या पुस्तिकेच्या दहा हजार प्रती परस्पर काढल्या. प्रकरण १५८२ मध्ये स्टार चेंबर न्यायालयात गेलं. दहा हजार! ज्या काळात नाटकाच्या आठशे प्रती काढताना हात थरथरायचा, त्या काळात हा आकडा दिसला की धंद्याचं पाणी कुठे मुरत होतं ते आपोआप कळतं.

या बंडाचा पुढारी जॉन वुल्फ. हा गडी मुळात मासे विकणाऱ्यांच्या कंपनीचा सदस्य. सनदा मोडून तो राजरोस छापायचा. समजवायला गेलेल्यांना त्यानं ऐकवलं की धर्मसुधारक ल्यूथर एकटाच होता आणि त्यानं सगळं जग सुधारलं, मीही या धंद्याची घडी बदलून दाखवीन. तुरुंगातही गेला. शेवटी तडजोड झाली: सनदवाल्यांनी १५८४ मध्ये काही पुस्तकांचे हक्क कंपनीतल्या गरीब सभासदांसाठी सोडले, वुल्फला स्टेशनर्स कंपनीत घेतलं, आणि १५८७ मध्ये तो कंपनीचा बीडल, म्हणजे अंमलदार, झाला. चोरून चालणारे छापखाने हुडकायचं काम त्याच्याकडे आलं. त्या जागा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार? पुष्कळ जण त्याला फितूर म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यानं भांडून गरीब छापखानेवाल्यांना चार पुस्तकं मिळवून दिली, ती पुढे टिकली.

१५८७ मध्येच कंपनीनं आणखी एक नियम केला: साधारण पुस्तकाच्या एका जुळणीवर १,२५० किंवा फार तर १,५०० प्रती काढायच्या, मग खिळे सोडायचे. जास्त प्रती हव्या असतील तर पुन्हा जुळवा. हा जुळाऱ्यांच्या पोटासाठी केलेला नियम होता. मुळाक्षरं, व्याकरण अशा पुस्तकांना सवलत होती.

हक्काची नोंद व्हायची कंपनीच्या वहीत. आधी चार पेन्स, पुढे सहा पेन्स भरून पुस्तकाचं नाव आपल्या नावावर चढवलं की ते छापायचा हक्क तुमचा, दुसऱ्या सभासदानं ते छापायचं नाही. हा हक्क लेखकाचा नव्हता. तो विक्रेत्याचा होता. विकता यायचा, वाटून घेता यायचा, बायको-मुलांकडे जायचा. लेखकाला एकरकमी पैसे देऊन वाटेला लावत. १६०१ च्या सुमारास केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी बसवलेल्या एका नाटकात जॉन डँटर हा खराखुरा मुद्रक पात्र म्हणून रंगमंचावर येतो आणि लेखकाला म्हणतो की तुझ्या मागच्या पुस्तकात मी बुडालो, तरी चाळीस शिलिंग आणि वर थोडी दारू देतो. विधवांचा हक्कही कंपनी मानायची. विल्यम ब्रूम वारल्यावर त्याच्या बायकोनं, जोननं, १५९१-९२ मध्ये जॉन लिलीची नाटकं एकामागून एक काढली, आणि शीर्षकपानावर ‘विधवा ब्रूमसाठी’ असं छापवलं.

माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र विल्यम पॉन्सन्बी. ऑक्टोबर १५८६ मध्ये कवी सर फिलिप सिडनी युद्धातल्या जखमेनं वारला. त्याची ‘आर्केडिया’ ही गद्य कथा हस्तलिखितात मित्रांमध्ये फिरत होती. नोव्हेंबरमध्ये पॉन्सन्बी सिडनीचा जिवलग मित्र फल्क ग्रेव्हिल याच्या घरी गेला आणि विचारलं: एक जण ‘आर्केडिया’ छापायला घेतो आहे, हे तुमच्या संमतीनं चाललं आहे का? ग्रेव्हिलनं धावपळ करून ते थांबवलं. याबद्दल लिहिलेल्या पत्रात ग्रेव्हिल पॉन्सन्बीला ‘सेंट पॉलच्या आवारातला एक बाइंडर’ म्हणतो, म्हणजे तोवर त्याला कुणी ओळखतही नव्हतं. पुढे ‘आर्केडिया’ १५९० मध्ये पॉन्सन्बीनंच काढली, आणि त्याच वर्षी एडमंड स्पेन्सरचं ‘फेअरी क्वीन’ही. स्वतः धंदा चोरला नाही, चोरी उघड केली, आणि त्या घराण्याचा विश्वास आयुष्यभर कमावला. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात ज्याच्यावर घरची मंडळी विश्वास टाकतात त्यालाच कपाट उघडून दाखवतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

त्यालाही फटका बसलाच. १५९९ मध्ये स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट वॉल्डग्रेव्हनं ‘आर्केडिया’ परस्पर छापली आणि त्या प्रती लंडनला आल्या. सिडनी घराण्याच्या कारभाऱ्यानं लगेच मालकाला कळवलं की आता पुस्तक स्वस्त होईल, पॉन्सन्बीनं भाव फार चढा ठेवला होता, इतरांच्या भावात विकलं नाही तर ताव त्याच्या गळ्यात पडतील. पॉन्सन्बी न्यायालयात गेला. हा वॉल्डग्रेव्ह मूळ लंडनचाच. बिशपांविरुद्ध लिखाण छापलं म्हणून १५८८ मध्ये त्याचं यंत्र आणि खिळे मोडून टाकले होते, आणि तो पळून जाऊन स्कॉटलंडच्या राजाचा मुद्रक झाला होता.

धंद्यातली भीती खरी होती. १५८६ च्या स्टार चेंबरच्या हुकमानं छापखाने लंडनपुरते ठेवले, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला एकेक, आणि मंजुरीचा अधिकार कँटरबरीचे आर्चबिशप व लंडनचे बिशप यांच्याकडे दिला. त्याआधी १५७९ मध्ये जॉन स्टब्जनं राणीच्या फ्रेंच सरदाराशी ठरू पाहणाऱ्या लग्नाविरुद्ध पुस्तिका लिहिली. ३ नोव्हेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये लेखक स्टब्ज आणि पुस्तिका वाटणारा विल्यम पेज या दोघांचा उजवा हात भर चौकात तोडला. स्टब्जनं उरलेल्या हातानं टोपी काढून राणीचा जयजयकार केला आणि तो शुद्ध हरपून पडला. मुद्रक ह्यू सिंगल्टनला माफी मिळाली. विल्यम कार्टर या कॅथलिक मुद्रकाला ती मिळाली नाही, त्याला जानेवारी १५८४ मध्ये राजद्रोहाखाली हाल करून मारलं. जून १५९९ मध्ये बिशपांनी उपरोधिक काव्यांवर बंदी घातली आणि जप्त केलेल्या प्रती स्टेशनर्सच्या सभागृहातच जाळल्या. ज्या सभागृहात हक्काची नोंद करायची, तिथेच आपलं भांडवल जळताना बघायचं.

आता पुस्तक हातात कसं यायचं ते सांगतो, कारण इथे माझा हात चालतो. बहुतेक माल बांधून ठेवतच नसत. तावांच्या घड्या घातलेल्या, फार तर पाठीच्या कडेला तीन भोकं पाडून दोरा ओवलेला. गिऱ्हाइकानं पसंत केलं की मग विचारायचं: कातडं वासराचं, मेंढीचं, की नुसतं मऊ चर्मपत्र? बांधणीचे पैसे वेगळे. जुन्या चौपत्री पुस्तकाच्या पाठीला, शिलाईच्या जरा आत, तीन बारीक भोकं दिसली की समजायचं, हे आधी सुटं विकलं गेलं आणि बांधणी मागाहून झाली. बाइंडरला पुठ्ठा भरायला आणि पाठीला अस्तर लावायला रद्दी लागायची. ती कुठली? न खपलेल्या पुस्तकांची. काही वर्षांपूर्वी एका वकिलांच्या घरचा सतराव्या शतकातला लॅटिन ग्रंथ दुरुस्तीला आला होता. पाठीचं कातडं ओलसर करून सावकाश सोडवलं, तर आत खळीनं चिकटवलेल्या छापील पट्ट्या निघाल्या, कुठल्याशा प्रार्थनापुस्तकाच्या, ओळी मधोमध कापलेल्या. एका विक्रेत्याचा पडून राहिलेला माल दुसऱ्याच्या पुस्तकाचा कणा झाला होता. मी त्या पट्ट्या होत्या तिथेच परत बसवल्या.

सुटी, पातळ पुस्तकं वाचून-वाचून संपली. ‘व्हीनस अँड अडोनिस’ इतकं खपलं, पण १५९३ च्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली आहे, ऑक्सफर्डला. ते प्रसिद्ध झालं त्याच जूनमध्ये रिचर्ड स्टोनली या सरकारी अधिकाऱ्यानं ते आणि फ्रान्सवरचं एक पुस्तक मिळून बारा पेन्सना घेतल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. डँटरनं १५९४ मध्ये छापलेल्या ‘टायटस अँड्रॉनिकस’ची एकमेव प्रत १९०४ मध्ये स्वीडनमध्ये निघाली.

अँड्र्यू मॉन्सेलचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरं व्हायचं नाही. मूळचा कापडवाल्यांच्या कंपनीतला हा माणूस पुस्तकांकडे वळला आणि १५९५ मध्ये त्यानं छापील इंग्रजी पुस्तकांची यादी काढली, एक भाग धर्माचा, दुसरा गणित-वैद्यक आदी विषयांचा. तोवर विद्वानांच्या याद्या लेखकाच्या पहिल्या नावानं लावलेल्या असत. मॉन्सेलनं आडनावानं लावली. गिऱ्हाईक दुकानात येऊन कसं विचारतं, ते दुकानात उभ्या राहिलेल्यालाच कळतं.

शेवटी आपल्याकडचा धागा, कारण तो खराच आहे. जॉन वुल्फनं १५९८ मध्ये डच प्रवासी लिन्सखोटेनच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यात गोव्याचा बाजार, तिथली माणसं, झाडं, मसाले सविस्तर आले आहेत. म्हणजे सेंट पॉलच्या आवारातल्या वाचकाला ओट्यावर उभ्या-उभ्या गोवा वाचता येत होता. त्याआधी १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्यानं वडिलांना पाठवलेलं पत्र रिचर्ड हॅक्लूइटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं गेलं. याच स्टीफन्सनं पुढे मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, स्टेशनर्सच्या सनदेच्याही एक वर्ष आधीपासून. तरी अडचण तीच, पैशाची. १६०८ मध्ये त्यानं रोमला वरिष्ठांना लिहिलं की इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापावीत ही माझी जुनी इच्छा आहे, पण अक्षरांचे साचे सहाशेच्या वर लागतील आणि खर्च फार येईल. ते खिळे कधी पडले नाहीत. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते रोमन लिपीत, आणि त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही.